लोधीखेड्यातला मोबाईल : निष्ठा किती, नाइलाज किती

नागपूरहून सावनेर, केळवद मागे टाकून मध्य प्रदेशात शिरलं की सौंसरच्या अलीकडे लोधीखेडा लागतं. ऑक्टोबर २०२३ पर्यंत हा सगळा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. मग पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि पांढुर्णा-सौंसर हे दोन्ही तालुके त्यात गेले. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, मोठ्या दवाखान्याला आणि मोठ्या खरेदीला नागपूर, असा इथला वहिवाटीचा रिवाज. संत्रा, कापूस आणि बोरगावची औद्योगिक वसाहत यांवर घरं चालतात. स्मार्टफोनच्या कंपन्यांमधली चुरस आणि गिऱ्हाइकाची ब्रँडवरची निष्ठा हा विषय मी मुद्दाम इथून मांडतो आहे. कारण या विषयावर जे लिहिलं जातं ते बहुतेक अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे बघून लिहिलं जातं, आणि ते वाचून आपण आपल्या बाजाराबद्दल चुकीची समजूत करून घेतो.

त्या लिखाणातला एक आकडा नेहमी पुढे येतो. सीआयआरपी या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केलं की तिकडे नवा फोन घेताना अँड्रॉईडवाल्यांपैकी ९१ टक्के अँड्रॉईडवरच राहतात आणि आयफोनवाल्यांपैकी ८६ टक्के आयफोनवर. या आकड्यांना तिथे ‘निष्ठा’ म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्येच सांगून ठेवलं होतं की माल मनासारखा नसला तर गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा राहून तक्रार करणं, आणि निष्ठेचा विचार या दोन वाटांच्या संदर्भातच करायला हवा. बाहेर पडायची वाट अवघड करून ठेवली असेल तर जो आत राहिला त्याला निष्ठावंत कसं म्हणायचं? लोधीखेडा परिसरातला गेल्या वीस-बावीस वर्षांचा मोबाईलचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

पहिली अडवणूक स्मार्टफोनच्याही आधीची. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ काढला. ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. ज्याच्या घरी लँडलाईनही नव्हती त्याच्या खिशात फोन आला, हे त्या योजनेचं श्रेय कोणी नाकारू नये. पण तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता. सिम काढून दुसऱ्या कंपनीचं घालावं, अशी सोय त्यात नव्हती. कंपनी सोडायची म्हणजे फोनही गेला आणि नंबरही गेला. व्यापाऱ्याकडे, सोयऱ्यांकडे, बँकेत दिलेला नंबर सोडवत नाही म्हणून लोक राहिले.

सीमेवरच्या गावांना त्यात आणखी एक जाच होता. लोधीखेड्याचा नंबर मध्य प्रदेश-छत्तीसगड या दूरसंचार सर्कलचा आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या नागपूरचा महाराष्ट्र सर्कलचा. पोरगं नागपूरला कामाला लागलं की त्याने आधी तिकडचं सिम घ्यायचं, नाहीतर आईचा फोन उचलला तरी रोमिंगचे पैसे कापले जायचे. शिवेलगतच्या वावरात तर टॉवर कधी इकडचा, कधी तिकडचा लागायचा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर लागू झाली २० जानेवारी २०११ ला, पण सर्कलच्या आतल्या आत. सर्कल ओलांडून नंबर नेता येऊ लागला तो ३ जुलै २०१५ पासून. पुढच्या दोन वर्षांत रोमिंगचा आकारही गेला. आज ‘पोर्ट’ आणि पुढे आपला नंबर लिहून १९०० वर मेसेज टाकला की कंपनीला तुम्हाला मोकळं करावंच लागतं. ही सोय कोणत्याही कंपनीने आपण होऊन दिलेली नाही. ती सरकारी नियमाने आली आणि त्यानंतर कंपन्यांना गिऱ्हाईक टिकवायला भाव आणि नेटवर्क सुधारावं लागलं. हा दाखला लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळं घोडं इथेच अडतं.

खरी निष्ठा या भागाने पाहिली ती नोकियाच्या वेळी. २००३ साली आलेला ११०० हा फोन जगभर २५ कोटींहून अधिक खपला. त्याच्या डोक्यावर टॉर्च होती आणि कीपॅड धुळीपासून जपलेला होता. शेतीची वीज रात्री येणार, मग रात्री ओलिताला जायचं, बांधावरून चालायचं, मोटार चालू करायची, यासाठी त्या टॉर्चचं मोल काय होतं हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. चार्ज केला की दिवसेंदिवस चालायचा. पडला तर उचलून बॅटरी बसवायची की पुन्हा सुरू. लोक नोकिया सोडून दुसरं नाव घेत नव्हते, आणि नोकियाने ती निष्ठा कमावलेली होती.

तरीही पुढे नोकिया दुकानांतून गेला. हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा आहे असं मी मानतो. नोकियाचं यंत्र कधी वाईट झालं नाही, त्याच्या आतली सिम्बियन ही प्रणाली मागे पडली. जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला, २००८ मध्ये ॲप्सचं दुकान उघडलं, त्याच वर्षी गुगलच्या अँड्रॉईडवर चालणारा पहिला फोन आला, आणि फोनची किंमत त्यावर काय-काय चालतं यावर ठरू लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला, एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकला, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. त्यांचा विंडोजवर चालणारा ल्युमिया फोन हातात घेतलेल्या माणसाला विचारा. कॅमेरा चांगला, दिसायला देखणा, पण जे ॲप हवं ते त्याच्यावर नाही किंवा उशिरा. डिसेंबर २०१६ मध्ये पैसे पाठवायचं सरकारी भीम ॲप आलं ते आधी अँड्रॉईडवर आणि मग आयफोनवर. व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सिम्बियन आणि २०१९ च्या अखेरीस विंडोज फोन सोडला. ब्लॅकबेरीची जुनी प्रणाली जानेवारी २०२२ मध्ये कायमची थांबली. सात-आठ प्रणालींची झुंज होती, तिच्यात दोन उरल्या. गिऱ्हाइकाने मत देऊन बाकीच्यांना पाडलं असं म्हणता येत नाही. ॲप बनवणारे जिथे गेले तिथे गिऱ्हाईक गेलं आणि जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे ॲप बनवणारे गेले. या फेऱ्यात एकदा मागे पडलेला पुन्हा वर येत नाही.

आपल्या देशात या दोनांतही बरोबरी नाही. वापरात असलेल्या शंभर स्मार्टफोनांमधले नव्वदहून अधिक अँड्रॉईड आहेत. लोधीखेड्यासारख्या गावात आयफोन त्याहूनही कमी दिसतात. म्हणून ‘आयफोन की अँड्रॉईड’ हे जे द्वंद्व जगभर रंगवलं जातं ते इथल्या बहुतेक गिऱ्हाइकांपुढे येतच नाही. त्यांच्यापुढे असते ती अँड्रॉईडच्या आतली चुरस, आणि ती मात्र जबरदस्त आहे.

या चुरशीत निष्ठा औषधालाही सापडत नाही. २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स इतका चालला की त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेने त्याला सॅमसंगच्या वर धरलं. कार्बन, लावा, इंटेक्स यांचेही फोन घरोघर होते. जुलै २०१४ मध्ये शाओमी फ्लिपकार्टवरून आली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, फुकट फोर-जी मिळू लागलं आणि थ्री-जीचे फोन एका हंगामात जुने ठरले. देशी कंपन्यांकडे फोर-जीचा माल पुरेसा नव्हता, चिनी कंपन्यांकडे तयार होता. २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत शाओमीने सॅमसंगला मागे टाकलं. दरम्यान व्हिवो आणि ओप्पो यांनी ऑनलाईनऐवजी गल्लोगल्लीची दुकानं धरली. तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाईल दुकानाच्या पाटीवर दुकानदाराचं नाव बारीक आणि कंपनीचं मोठं असतं, ते त्या काळापासून. २०२४ मध्ये देशात सर्वाधिक फोन व्हिवोचे खपले. दहा वर्षांत चार राजे झाले. ज्या बाजारात दोन-तीन वर्षांत राजा बदलतो तिथे कंपनीवरच्या निष्ठेची गोष्ट कोणी करू नये.

शिवाय फळीवर दिसणाऱ्या नावांची गर्दी फसवी आहे. रेडमी आणि पोको ही शाओमीच्या घरची. व्हिवो, ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांचं मूळ घराणं एक. आयटेल, टेक्नो, इन्फिनिक्स ट्रान्शनचे. गिऱ्हाइकाला वाटतं दहा-बारा कंपन्या आपल्यासाठी भांडताहेत, पण घरं चार-पाचच. आणि त्या सगळ्यांच्या आत गुगलचं अँड्रॉईड, गुगलचं प्ले स्टोअर, गुगलचाच नकाशा.

जून २०२० मध्ये गलवानला आपले जवान शहीद झाले तेव्हा चिनी फोनवर बहिष्काराची हाक उठली. राग खरा होता. २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्स बंद केली. त्या वर्षीच्या आयपीएलवरून व्हिवोचं नाव उतरलं. तरी वर्षअखेर देशात सर्वाधिक फोन शाओमीचेच खपले. टाळेबंदीत पोरांच्या ऑनलाईन शाळेसाठी नऊ-दहा हजारांत फोन घ्यायचा होता आणि त्या किमतीत दुसरा फोन दुकानात फारसा दिसत नव्हता. याला देशप्रेमाची उणीव म्हणणं अन्यायाचं होईल. पर्याय उभा न करता दिलेल्या हाकेचं हेच होतं.

मग इथलं गिऱ्हाईक कोणाला धरून असतं? माझ्या पाहण्यात तरी ते दुकानदाराला धरून असतं. फोन बिघडला तर कोणाकडे जायचं, काच फुटली तर कोण उधारीवर बसवून देईल, संत्र्याचे पैसे हातात आले की देतो म्हटल्यावर कोण ऐकेल, यावर दुकान ठरतं आणि दुकानावरून कंपनी ठरते. आंबिया बहाराच्या सौद्याचा विसार मिळाला की फोनची खरेदी निघते, कापूस विकला की निघते, लग्नसराईत निघते. दुकानात कंपनीचा टी-शर्ट घातलेला पोरगा उभा असतो. त्याचा पगार कंपनी देते आणि तो त्याच कंपनीचा फोन पुढे करणार. बजाज फायनान्ससारख्यांच्या हप्त्यांची सोय ज्या फोनवर आहे तो फोन घेतला जातो. बारा हजारांत काय येतं हे विचारत आलेलं गिऱ्हाईक महिन्याला किती पडतील हे ऐकून अठरा हजारांचा फोन घेऊन जातं. कंपन्यांच्या जाहिरातीपेक्षा हप्त्याचा कागद जास्त फोन विकतो.

आता ज्या गोष्टीकडे या विषयावरचे लेख वळत नाहीत ती सांगतो. नवा फोन घेतला की दुकानातला पोरगा तो सुरू करून देतो. पडद्यावर जीमेलचं खातं मागितलं जातं. साठीच्या शेतकऱ्याला किंवा त्याच्या बायकोला जीमेल म्हणजे काय हे ठाऊक नसतं. पोरगा म्हणतो, “थांबा काकाजी, मी बनवून देतो.” दोन मिनिटांत तो नाव, त्यापुढे चार-पाच आकडे, जन्मतारीख मनाने टाकून खातं उघडतो. पासवर्ड तोच ठरवतो. कधी डब्याच्या झाकणावर लिहून देतो, बहुतेक वेळा लिहूनही देत नाही. पुढची तीन वर्षं त्या खात्यात नातवाच्या बारशाचे फोटो जातात, नंबर जातात, व्हॉट्सॲपची साठवण जाते. मग फोन बिघडतो, किंवा कोणी तरी सगळं पुसून टाकतं, आणि चालू करायला गेलं की फोन जुनं खातं आणि पासवर्ड विचारतो. २०१५ पासून अँड्रॉईडमध्ये चोरीच्या बंदोबस्तासाठी हे कुलूप आहे. चोराला अडवायला केलेलं कुलूप मालकालाच अडवतं. दुकानदार पैसे घेऊन ते उघडून देतो किंवा नवा फोन घ्यायला सांगतो. नव्या फोनवर पुन्हा नवं खातं. जुने फोटो, जुने नंबर गेले ते गेले. माझ्या परिचयातल्या एका घरी गेलेल्या आईचा आवाज असलेले संदेश असेच गेले. ते कुठल्याशा सर्व्हरवर असतील, पण त्या घराला मिळायचे नाहीत.

हा अनुभव सौंसर-पांढुर्ण्यात घरोघरचा आहे. अमेरिकेतला माणूस आपल्या खात्याला बांधलेला असतो, म्हणून त्याच प्रणालीवर राहतो. इथला माणूस खात्याविनाच राहतो आणि तरी त्याच प्रणालीवर राहतो, कारण दुसरीकडे जायला मुळात काही हातात नाही आणि परवडणारा प्रत्येक फोन त्याच प्रणालीचा. आकड्यांत दोघेही ‘निष्ठावंत’. सर्वेक्षणाला हा फरक दिसत नाही.

सोडून जाण्याची अडचण आयफोनच्या बाजूने वेगळी आहे. भारतात आयफोन आला २२ ऑगस्ट २००८ ला, एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत, ३१ हजारांना. त्या काळी या भागात ही रक्कम फोनवर खर्च करणारे विरळाच. आज बोरगावला किंवा पुण्याला नोकरीला लागलेली पोरं हप्त्यावर घेतात, किंवा नागपूरला बर्डीवर जाऊन वापरलेला आयफोन आणतात. वडीलधारे याला थाटमाट म्हणून मोडीत काढतात, पण पोरांचा हिशेब अगदीच बिनबुडाचा नाही. आयफोन तीन वर्षं वापरूनही चांगल्या भावात विकला जातो, अँड्रॉईडचा स्वस्त फोन तेवढ्या काळात कवडीमोल होतो. कॅमेऱ्याचं, नवी प्रणाली वर्षानुवर्षं मिळण्याचंही कारण आहेच. मुंबईत एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने स्वतःची दुकानं उघडली, ती या ओढीवर भरवसा ठेवूनच.

अमेरिकेत आयफोन सुटत नाही याचं मोठं कारण त्याचा मेसेज. तिथे आयफोनवरून आयफोनला गेलेला निरोप निळा दिसतो, अँड्रॉईडवरचा हिरवा, आणि हिरव्यावाल्या पोराला शाळेत गटाबाहेर ठेवलं जातं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲपलवर भरलेल्या खटल्यात याचाही उल्लेख आहे. आपल्याकडे हे चाललं नाही, कारण आपला सगळा संसार व्हॉट्सॲपवर. लग्नाची पत्रिका, संत्र्याच्या बागेचे फोटो, ग्रामसभेचा निरोप, शाळेचा अभ्यास सगळं तिथे, आणि ते दोन्हीकडे सारखंच चालतं. या अर्थाने व्हॉट्सॲपने भारतीय गिऱ्हाइकाला मोकळं केलं. पण पूर्ण नाही. अँड्रॉईडवरच्या गप्पा गुगलकडे साठतात, आयफोनवरच्या ॲपलकडे, आणि इकडच्या गप्पा तिकडे नेण्याची रीतसर सोय २०२१-२२ पर्यंत नव्हतीच. एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे काम अवघड होतं यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. शिवाय दोन मालकांच्या तावडीतून सोडवणारा तिसरा मालकही व्हॉट्सॲप चालवणारी मेटा ही एकच कंपनी आहे. ज्या प्रणालीवरून व्हॉट्सॲप हटलं ती प्रणाली या भागात संपली.

भाषेच्या बाबतीत मी अँड्रॉईडला झुकतं माप देतो. २०१४ च्या अँड्रॉईड ५.० मध्ये मराठी आली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून लिहायची सोय दिली. आयफोनचा पूर्ण कारभार मराठीत करायची सोय मिळाली ती २०२५ मध्ये, म्हणजे अकरा वर्षं उशिरा. बोलून लिहिण्याची सोय तर टायपिंग न येणाऱ्या पिढीसाठी वरदान ठरली. तरी सौंसरकडची मराठी त्या यंत्राला अजून नीट ऐकू येत नाही. पऱ्हाटी, ओलीत, वावर हे शब्द आणि त्यांत मिसळलेली हिंदी क्रियापदं बोलली की पडद्यावर भलतंच उमटतं. शाळा हिंदीत झाल्यामुळे बरेचजण फोनची भाषा हिंदी ठेवतात. घरात मराठी बोलणारा माणूस कंपनीच्या नोंदीत हिंदी भाषक म्हणून लागतो. मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाची संख्या कागदावर कमी दिसायचं हे आणखी एक नवं कारण झालं आहे. कंपन्यांची चुरस भाषेपर्यंत पोहोचते ती मोठ्या संख्येच्या भाषेपुरती. सीमेवरच्या बोलीसाठी कोणी भांडत नाही.

अँड्रॉईड आणि आयफोन या दोघांव्यतिरिक्त तिसरं काही उभं करायचे प्रयत्न आपल्या देशात झाले आणि त्यांची आठवण ठेवायला हवी. २०१४ मध्ये इंटेक्सने १,९९९ रुपयांत फायरफॉक्सच्या प्रणालीचा फोन काढला. कल्पना चांगली, यंत्र फार हलकं. दोन वर्षांत गुंडाळलं गेलं. मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांनी इंडस ओएस बांधली. अँड्रॉईडवरच आधारलेली, पण भारतीय भाषांना पुढे ठेवणारी. मायक्रोमॅक्सच्या फोनांवर बसून ती काही काळ देशात अँड्रॉईडखालोखाल मोजली जाऊ लागली. मायक्रोमॅक्स पडला तशी तीही पडली. तिचाच धागा धरून फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर उघडलं, त्यात मराठीही आहे. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळायचा आणि कायओएसवर चालायचा. या भागातल्या किती तरी बायांचा हा इंटरनेटचा पहिला फोन. त्यावर व्हॉट्सॲप आलं सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने त्या प्रणालीकडे पाठ फिरवली. जिओनेही पुढचा जिओफोन नेक्स्ट २०२१ मध्ये काढला तो गुगलबरोबर, अँड्रॉईडवरच. देशातल्या एका बलाढ्य उद्योगसमूहाला जिथे वेगळी वाट टिकवता आली नाही तिथे बाजार आपोआप तिसरा पर्याय देईल ही आशा सोडलेली बरी.

उरतो कायदा. तिघा तरुणांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये गुगलची चौकशी लावली. २० ऑक्टोबर २०२२ ला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलची बाकी ॲप्सही घ्यावीच लागतात, वेगळ्या धाटणीचं अँड्रॉईड चालवता येत नाही, हे आयोगाने गैर ठरवलं. पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या पद्धतीवरून आणखी ९३६.४४ कोटी. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये पहिला दंड कायम ठेवला पण काही आदेश काढून टाकले. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. युरोपने याच स्वरूपाच्या तक्रारींवर २०१८ मध्ये ४३४ कोटी युरोंचा दंड केला होता आणि मार्च २०२४ पासून तिथे मोठ्या डिजिटल कंपन्यांसाठी वेगळा कायदाच लागू आहे.

दंडाचे आकडे मोठे आहेत. लोधीखेड्यातल्या काउंटरवर काय बदललं? जानेवारी २०२३ मध्ये गुगलने जाहीर केलं की नवा फोन सुरू करताना शोधयंत्र कोणतं हवं ते निवडता येईल. ते निवडणारं बोट दुकानातल्या पोराचं असतं. निवडायचा अधिकार दिला आणि निवडीची समज पोहोचवली नाही तर तो अधिकार कागदावर राहतो. एवढंच नव्हे, ज्या दोघांना आपण कट्टर प्रतिस्पर्धी समजतो त्यांचं आपसांतलं नातंही अमेरिकेतल्या खटल्यात उघडं झालं. आयफोनवर आपलं शोधयंत्र आधीपासून लावून ठेवावं यासाठी गुगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. फळीवर वैरी आणि तिजोरीपाशी भागीदार. या चुरशीतून गिऱ्हाइकाचा कैवार आपोआप घेतला जाईल असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा जपून ठेवावा.

माझं म्हणणं सरळ आहे. फोनच्या यंत्रांमध्ये चुरस आहे आणि तिचा फायदा इथल्या गरीब गिऱ्हाइकाला भरघोस मिळाला. दहा हजारांत आज जो फोन मिळतो तो त्याचा पुरावा. त्या यंत्रांच्या आतल्या प्रणालीत आणि खात्यात चुरस नाही, आणि तिथेच माणसाचा पैसा, फोटो, ओळख अडकलेली आहे. दंडाने ती चुरस येणार नाही. नंबर पोर्ट करायला जसा नियम झाला तसं खातं, गप्पा, फोटो आणि नंबर एका प्रणालीतून दुसरीत, एका मेसेजच्या विनंतीवर, मराठी-हिंदीतल्या सूचनांसह हलवून देण्याचं बंधन कंपन्यांवर हवं. केंद्र सरकारच्या समितीने मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला. त्याचा कायदा अजून व्हायचा आहे. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय दिल्लीच्या कंपनीवाल्यांचा म्हणून सोडू नये. सर्कलच्या भिंतीचा त्रास ज्या भागाने बारा-पंधरा वर्षं काढला त्याला यावर बोलायचा पहिला हक्क आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. या हंगामात घरात नवा फोन येणार असेल तर दुकानात नवं जीमेल खातं काढू देऊ नका. जुनंच खातं वापरा, नसेल तर घरच्या शिकलेल्या पोरीला सोबत न्या आणि तिच्याकडून आपल्या नावाने, खऱ्या जन्मतारखेने काढून घ्या. खात्याचं नाव आणि पासवर्ड जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदांबरोबर घरात लिहून ठेवा, आणि जुना फोन बदल्यात देण्याआधी त्यातले फोटो आणि नंबर नव्यात आले का ते काउंटरवरच उभं राहून तपासून घ्या.